शंभर दाणे आणि एक हिशेब



मृग जवळ आला की आपल्या वऱ्हाडात, अमरावतीकडे काय आणि अकोल्याकडे काय, एक साधा प्रयोग होतो. घरचे सोयाबीन पेरायचे असले म्हणजे पोत्यातले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि काही दिवसांनी किती उगवले ते पाहायचे. सत्तर वा अधिक उगवले तर बियाणे ठीक. सारे शेत पेरून चूक कळण्यापेक्षा शंभर दाण्यांत कळलेली बरी.

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारे लोक ज्याला युनिट टेस्ट म्हणतात, ती याच जातीची गोष्ट आहे. सबंध प्रोग्रॅम न चालवता त्याचा एक लहान तुकडा घ्यायचा, त्याला ठराविक आकडे द्यायचे आणि ठरलेले उत्तर येते की नाही ते पाहायचे.

तिची गरज आम्हांला ठेच लागल्यावर पटली. हमीभावाने कापूस घेताना सीसीआयचा नियम असा : ओलावा ८ टक्के असेल तर पूर्ण भाव; पुढे दर टक्क्यास भावात एक टक्का कपात; १२ च्या वर गेल्यास खरेदी नाही. शेतकऱ्यांना घरबसल्या अंदाज मिळावा म्हणून आम्ही या हिशेबाचा प्रोग्रॅम लिहिला. पुढे पैसे नीट जुळावेत म्हणून त्यात दुरुस्ती केली. पैसे जुळले; पण त्या गडबडीत ‘१२ किंवा कमी’ याचे ‘१२ हून कमी’ झाले! बरोबर १२ टक्क्यांचा माल प्रोग्रॅम नाकारू लागला. एका शेतकऱ्याने त्यावर विसंबून गाडी खरेदी केंद्रावर नेलीच नाही. कापूस खाजगीत कमी भावाने विकला. चूक आमची, नुकसान त्याचे.

मग आरंभ कोठून करावा? सगळ्याच प्रोग्रॅमला चाचण्या लिहू म्हणणारा सहसा एकही लिहीत नाही. जिथे चुकल्यास कोणाच्या तरी पदराला खार लागतो, तो तुकडा आधी घ्यावा. आम्ही कपातीचा हिशेब पडद्यावरच्या मजकुरापासून वेगळा काढला. मग कागद घेतला. १० क्विंटल कापूस, भाव ७,००० धरला, तर ८ टक्क्यांना ७०,००० रुपये, १० टक्क्यांना ६८,६००, १२ टक्क्यांना ६७,२०० आणि १२.१ ला नकार. ही उत्तरे नियमावरून हाताने काढली. प्रोग्रॅमचेच उत्तर उतरवून घेणे म्हणजे चोरालाच पहाऱ्यावर बसवणे होय.

या चार ओळींच्या चार चाचण्या झाल्या. साधने तयारच असतात. जावा भाषेसाठी केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ साली एका विमानप्रवासात जेयुनिट लिहावयास घेतले. पायथॉनमध्ये तसे साधन भाषेबरोबरच येते. चाचण्या उत्तीर्ण झाल्यावर आम्ही मुद्दाम ती जुनी चूक पुन्हा घातली. १२ ची चाचणी तत्काळ नापास झाली, तेव्हा कोठे तिच्यावर विश्वास बसला. जी चाचणी कधी नापास होऊ शकत नाही, ती चाचणीच नव्हे.

तेव्हापासून आमचे दोन नेम आहेत. नवी चूक सापडली की आधी ती दाखवणारी चाचणी लिहायची, मग दुरुस्ती. आणि कोणताही बदल केला की सर्व चाचण्या पुन्हा चालवायच्या.

याने सारे साधते असे मात्र नव्हे. ओलावा मोजणारे यंत्रच चुकले तर आमची चाचणी काय करणार? चाचणी चूक आहे हे दाखवू शकते, चूक नाहीच असे सिद्ध करू शकत नाही, हे डायक्स्ट्रा या शास्त्रज्ञाने फार पूर्वीच बजावले आहे. शंभर दाणे उगवले म्हणून पाऊस येतोच असे नाही. तरीही शहाणा शेतकरी ते मोजतोच.

आपल्यापैकी जी तरुण मंडळी या उद्योगात आहेत, त्यांनी आज घरी जाऊन एकच चाचणी लिहावी, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.