फटफटीचा आवाज आणि तिचें पेट्रोल

मोटारसायकलला मराठींत पूर्वीं नांव पडलें तें तिच्या आवाजावरून: फटफटी. पुढें कारखानदारांनीं तो आवाज मोठ्या कौशल्यानें दाबीत आणला. आणि आतां छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद, येथील कांहीं तरुण पदरचे पैसे मोजून तोच आवाज परत विकत घेतात! या शहराशेजारीं वाळूज येथें १९८५ सालीं बजाज ऑटोचा कारखाना उभा राहिला. दुचाकी जेथें बनते तेथेंच तिची घडी मोडण्याची हौस असावी, हें नवलच.

मोकळा सायलेन्सर बसविला, हवेच्या गाळणीची पेटी काढून उघडी गाळणी लावली, कीं गाडी मोकळा श्वास घेऊं लागते. परंतु श्वास वाढला म्हणून घास आपोआप वाढत नाहीं. कार्ब्युरेटरमध्यें हवेची वाट मध्येंच अरुंद केलेली असते. त्या गळ्यांतून हवा वेगानें जातांना तेथील दाब उतरतो, आणि खालच्या वाटींतील पेट्रोल जेट नांवाच्या पितळी तुकड्याच्या बारीक छिद्रांतून वर ओढलें जातें. पेटीचा अडथळा गेला कीं ही ओढ मंदावते, हवा मात्र वाढते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. तें प्रमाण सुटून मिश्रण पातळ होतें. त्यांत २०२५ सालापर्यंत पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल देशभर आलें. इथेनॉलमध्यें प्राणवायु असल्यानें त्या इंधनास हवा कमी पुरते. म्हणजे जुन्या गाडीचें मिश्रण आधींच किंचित् पातळ झालेलें असतें.

पातळ मिश्रणाचें दुखणें लवकर ओळखूं येत नाहीं. मूठ सोडतांच मागें फटाके वाजतात; तरुण मंडळी तो गुण समजतात. मे महिन्यांत जालना रस्त्यानें पूर्ण मूठ पिळून गाडी नेली, कीं एंजिन तापतें, आंतून ठोके येतात, आणि दुर्लक्ष झाल्यास पिस्टनच्या माथ्याला वितळून भोंक पडतें. ज्याला त्याच गाडीवर रोज पहांटे वाळूजेस पाळी गांठावयाची असते, त्याची मजुरीही त्या भोंकांतून जाते.

यावर उपाय मोठा जेट. पण तो अंदाजानें बसविण्यांत अर्थ नाहीं. एंजिन उभ्या उभ्या चालतांना व मूठ जेमतेम उघडतांना पायलट जेट आणि मिश्रणाचा स्क्रू यांचा अंमल असतो. पाव ते पाऊण मुठीपर्यंत सुईचा. मुख्य जेटचें राज्य त्यापुढें. मूठ अर्धी असतां गाडी अडखळत असेल, तर मुख्य जेट बदलून उपयोग काय? तेथें सुईच्या माथ्यावरील क्लिप एक खांच खालीं घ्यावी. सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतें. एका वेळीं एकच बदल, आणि मुख्य जेट एकेका क्रमांकानेंच वाढवावा. मग नवा प्लग घालून मोकळ्या रस्त्यावर पूर्ण मुठीनें गाडी थोडी पळवावी, क्लच दाबून एंजिन तत्काळ बंद करावें आणि प्लग काढून पहावा. टोंकावरील चिनी माती फिकट तपकिरी दिसली तर प्रमाण जमलें. पांढरी असेल तर पातळ, कोरडी काजळी असेल तर दाट. जेट साफ करण्यासाठीं त्यांत तार खुपसणारे मिस्त्री अजून भेटतात; छिद्र एकदां वाढलें कीं वरच्या आंकड्याला अर्थ उरत नाहीं.

एप्रिल २०२० पासून नव्या प्रदूषण-नियमांमुळें बहुतेक नव्या गाड्यांत कार्ब्युरेटरची जागा इंधन-इंजेक्शननें घेतली. हा सारा खटाटोप जुन्या गाड्यांपुरताच. आवाजाचा सायलेन्सर मात्र जुन्या-नव्या दोन्ही गाड्यांना १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें अडचणींत आणतो, जेट कितीही बिनचूक असो.

ऋतूचाही हिशेब आहे. मे महिन्यांतील चाळीस अंशांच्या दुपारपेक्षां डिसेंबरमधील दहा अंशांच्या पहांटे हवा जवळजवळ दहा टक्के जड असते. उन्हाळ्यांत जेमतेम पुरलेला जेट हिवाळ्यांत अपुरा पडतो. म्हणून उन्हाळ्यांत दोन क्रमांकांमध्यें मन घुटमळलें, तर त्यांतील मोठा घ्यावा आणि डिसेंबरांत पुन्हां प्लग काढून पहावा.