तीन तरुणांचा आचार्य : डेव्हिड रहाबी
(जालना येथील व्याख्यान)



समर्थ रामदासांची जन्मभूमी जांब आपल्याच जिल्ह्यातील. ठिकठिकाणी मठ स्थापून महंत नेमणाऱ्या समर्थांचे कार्य जाणणाऱ्यांना कोकणातील ज्यूंचे आचार्य डेव्हिड रहाबी परके वाटणार नाहीत.

अलिबागजवळ नवगावी जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरा आहे. धर्मग्रंथ समुद्रात बुडाले. वंशजांनी तेलाचे घाणे चालविले. शनिवारी घाणा बंद, म्हणून ते ‘शनिवार तेली’ झाले. मातृभाषा मराठी झाली. गावांवरून केहीमकर, दिवेकर अशी आडनावे पडली. हिब्रू प्रार्थनांपैकी ‘शेमा’ तेवढी ओठांवर उरली.

अशा वेळी रहाबी आले. त्यांचा काळ कोणी मध्ययुगीन मानतात, कोणी अठराव्या शतकातील. खवले आणि पर नसलेले मासे येथील स्त्रिया वेगळे काढतात, हे पाहून त्यांनी स्वजन ओळखले, असे परंपरा सांगते. तीन तरुणांना धर्मशिक्षण देऊन त्यांनी काजी नेमले. ते कार्य त्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालले. हिंदू शेजाऱ्यांनी या समाजाला कधी छळले नाही. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत सिनेगॉग उभारले. १९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली, ती मराठी सोबत घेऊनच.

ग्रंथ गमावलेला मूठभर समाज तीन घरांच्या निष्ठेने सावरला. आपल्या वस्तीत असे तीन तरुण आपण घडवीत आहोत काय?