मशीनवर गोधडी फाटली तर



मला भाषण येत नाही. रोज हाताखालून जाते तेच सांगते.

सासूबाईंच्या जुन्या लुगड्याची गोधडी मशीनवर शिवताना कापड फाटले, की जीव चरकतो. ते लुगडे पुन्हा कुठे मिळणार? अशा वेळी ओढाओढ करू नये. हाताने चाक फिरवून सुई वर घ्यावी, दोरा कापावा, मगच गोधडी काढावी.

फाटीच्या दोन्ही बाजूंचे दोन-दोन बोटे टाके उसवावे. त्याच लुगड्याचा तुकडा, उभ्याला उभा धागा जुळवून, फाटीखाली सरकवावा. फाटीच्या कडा आत मुडपून बारीक हातशिलाईने बसवाव्या व मग वरून मशीन चालवावे. ठिगळाला मी कोरे कापड घेत नाही. ते धुतल्यावर आटते आणि विरलेल्या कापडाला ओढून शेजारीच नवी फाट पाडते. म्हणून आधीच वीतभर जुना तुकडा राखून ठेवावा.

बोथट सुई धागे तोडते. टकटक आवाज आला, की लगेच बदलावी. टाका लांब ठेवावा; दाट टाक्यांनी जुने कापड चाळणीसारखे होते.

सुई बाजारात मिळते, लुगडे मिळत नाही, एवढे लक्षात ठेवावे.