संवादाच्या मांडवात सुधारकाची जागा

इस्लाममधील धर्मसुधारणा आणि आंतरधर्मीय संवाद हे दोन विषय पुण्यातील या एकाच परिषदेत घेण्यामागे स्वागत समितीची निश्चित भूमिका आहे. संवादाच्या व्यासपीठावर बसणारे बहुधा सुधारणेचा विषय टाळतात आणि सुधारणेसाठी झगडणाऱ्यांना त्या व्यासपीठाचे निमंत्रण सहसा जात नाही. ही फारकत मिटल्याखेरीज दोन्ही कामे पुढे सरकणार नाहीत, असे समितीचे मत आहे.

याच शहरात 22 मार्च 1970 रोजी हमीद दलवाई यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली. त्याआधी, 18 एप्रिल 1966 रोजी, त्यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला होता आणि त्यात तोंडी तलाकवर बंदी घालण्याची मागणी होती. सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी तलाकची प्रथा रद्दबातल ठरवली ती 22 ऑगस्ट 2017 रोजी, म्हणजे 51 वर्षांनी, आणि तीही तीन विरुद्ध दोन अशा मताधिक्याने. मधल्या काळात शाहबानो प्रकरणी 1985 साली पोटगीच्या बाजूने लागलेला निकाल 1986 च्या कायद्याने निष्प्रभ करण्याचा प्रयत्न संसदेनेच केला, हेही विसरता येत नाही.

सुधारणा अशी रेंगाळते याचे कारण धर्मग्रंथात शोधण्याची सवय अनेकांना आहे. परंतु ते कारण बहुतांशी अधिकाराच्या रचनेत आहे. कुराण आणि हदीस, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती व कृतींची परंपरा, यांच्या आधारे नव्या परिस्थितीत स्वतंत्र बुद्धीने निर्णय काढण्याच्या प्रयत्नास इज्तिहाद म्हणतात, तर पूर्वसूरींचे मत प्रमाण मानून चालण्यास तकलीद म्हणतात. 1899 साली इजिप्तचे मुफ्ती झालेले मुहंमद अब्दुह यांनी इज्तिहादचा आग्रह धरला, म्हणजे ही मागणी बाहेरून आलेली नाही. मात्र सुन्नी परंपरेत पोपसारखे सर्वमान्य पीठ नसल्यामुळे सुधारणेवर शिक्कामोर्तब कोणी करायचे हा प्रश्न लोंबकळत राहतो आणि ती जागा राज्यसत्ता बळकावते. ट्युनिशियात 1956 साली बहुपत्नीत्व बंद झाले आणि मोरोक्कोत 2004 साली कौटुंबिक कायदा बदलला, ते सत्तेच्या बळावर. आणि जी सत्ता सुधारणा देते, तीच सुधारकाला शिक्षाही देऊ शकते.

कैरो विद्यापीठातील नस्र हामिद अबू झैद यांचे प्रकरण या दृष्टीने मुळातून अभ्यासण्यासारखे आहे. कुराण विशिष्ट काळाच्या भाषेत आणि संस्कृतीत अवतरले असल्याने त्याचा अर्थ लावताना त्या काळाचे भान ठेवावे, अशी त्यांची मांडणी होती. तिच्यावरून आधी त्यांची पदोन्नती अडली, मग प्रकरण कौटुंबिक न्यायालयात गेले आणि 1995 साली अपील न्यायालयाने त्यांना धर्मत्यागी ठरवले. मुस्लिम स्त्रीचा विवाह धर्मत्याग्याशी टिकू शकत नाही या तर्काने, पती-पत्नी दोघांची इच्छा नसताना, त्यांचा विवाहही मोडीत काढला. अखेर हे दांपत्य नेदरलँड्सला गेले आणि अबू झैद लायडन विद्यापीठात शिकवू लागले. सुदानमध्ये तर सुधारक महमूद मुहंमद ताहा यांना 1985 साली फाशीच दिली गेली.

या पार्श्वभूमीवर आंतरधर्मीय संवादाचे मोठे दस्तऐवज वाचावेत. पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या 2006 मधील भाषणातील इस्लामविषयक उल्लेखाने वाद पेटल्यावर पुढच्या वर्षी 138 मुस्लिम विद्वानांनी ख्रिस्ती धर्मगुरूंना पत्र लिहिले आणि ईश्वरप्रेम व शेजारप्रेम ही दोन्ही धर्मांची समान भूमी असल्याचे सांगितले. 2019 साली अबू धाबी येथे पोप फ्रान्सिस आणि कैरोतील अल-अझहर या इस्लामी विद्यासंस्थेचे प्रमुख अहमद अल-तय्यिब यांनी मानवी बंधुत्वाच्या दस्तऐवजावर सह्या केल्या. दोन्ही कृती स्वागतार्ह आहेत; पण हा संवाद मुख्यतः पदाधिकाऱ्यांचा आहे आणि पदाधिकारी एकमेकांच्या घरातील भांडणात पडत नाहीत. महाराष्ट्रातही पीर, उरूस आणि श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद यांचे दाखले सलोख्यासाठी आवर्जून दिले जातात आणि ते खरेही आहेत, परंतु उरुसात वारसाहक्काची चर्चा होत नाही.

मुंबईच्या असगर अली इंजिनिअर यांनी ही दोन्ही कामे एकत्र करून पाहिली. दलवाई सुधारणेसाठी धर्मनिरपेक्ष कायद्याकडे पाहत, तर इंजिनिअर कुराणाच्याच आधारे स्त्रियांच्या समान हक्कांची मांडणी करत. दाऊदी बोहरा समाजात सुधारणा मागितल्याबद्दल त्यांना बरात, म्हणजे जमातीबाहेर काढणारा बहिष्कार, सोसावा लागला. अशा बहिष्काराला बंदी करणारा मुंबई राज्याचा 1949 चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने 1962 साली घटनाबाह्य ठरवला. तो निकाल टिकतो का, हा प्रश्न 2023 साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवण्यात आला. महाराष्ट्राने 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला आहे, ही या राज्याची जमेची बाजू.

सुधारकाची दुसरी अडचण बाहेरची आहे. त्याचे शब्द उचलून त्याच्याच समाजाला हिणवण्यासाठी वापरणारे लोक त्याला एकाकी पाडतात. दलवाईंनी हिंदू जातीयवादावरही तितक्याच कठोरपणे टीका केली होती, हे त्यांचे असे चाहते सोयीने गाळतात.

परिषदेच्या समारोपात नेहमीप्रमाणे ठराव होतील. त्यांत सलोख्याचे आवाहन तर असावेच, परंतु कोणत्याही धर्मातील मतभेदासाठी कोणावर बहिष्कार टाकला जाऊ नये, हे कलम त्यात स्पष्ट शब्दांत घालावे आणि त्यावर उपस्थित उलेमांनी व इतर धर्मांच्या प्रतिनिधींनी सह्या कराव्यात, अशी स्वागत समितीची सर्वांना विनंती आहे.