वक्तशीरपणा की संवेदनशीलता?



मी बी.एड.च्या वर्गाला शिकवते. आमच्या पाठ टाचणात एक रकाना असतो, 'मूल्ये'. महाराष्ट्रात शिकलेल्यांना ती दहा नावं आठवतील: वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, वैज्ञानिक दृष्टिकोन वगैरे. पाठ गणिताचा असो की भूगोलाचा, छात्राध्यापक त्या रकान्यात एखादं नाव भरतो, निरीक्षकांची सही होते, काम झालं. तुम्ही इंदूर, बडोदा किंवा हैदराबादला शिकवत असाल तर यादी वेगळी असेल, रकाना मात्र ओळखीचा वाटेल.

खरी परीक्षा होते ती यादीतलीच दोन मूल्यं समोरासमोर उभी राहतात तेव्हा.

मी वर्गापुढे एक प्रसंग ठेवते. सातवीतली मुलगी रोज पंधरा मिनिटं उशिरा येते. आई पहाटेच कामाला जाते. धाकट्या भावाला अंगणवाडीत पोचवून मग ही शाळेत येते. शाळेचा नियम असा की, उशीर झाला की पहिला तास वर्गाबाहेर उभं राहायचं. पहिला तास गणिताचा. तुम्ही तिथे आंतरवासितेला आहात. काय कराल?

अर्धा वर्ग म्हणतो, नियम म्हणजे नियम. अर्धा म्हणतो, बिचारीला आत घ्या. दोन्ही उत्तरं झटकन येतात. म्हणून मी विचारते, 'का?'

लॉरेन्स कोहलबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हेच केलं. त्याच्या गोष्टीतल्या हाइन्झची बायको मरणाच्या दारात आहे, औषध परवडत नाही. त्याने ते चोरावं का? कोहलबर्ग हो-नाहीपेक्षा त्यामागची कारणं तपासायचा: शिक्षेची भीती, लोक काय म्हणतील, कायदा, की माणसाच्या जिवाचं मोल? पुढे 1982 मध्ये कॅरल गिलिगन यांनी दाखवलं की, न्यायाच्या तत्त्वांइतकीच नात्यांची आणि काळजीची भाषाही नैतिक विचारात मोलाची असते.

आता पुन्हा त्या मुलीकडे येऊ. आम्ही चार प्रश्न फळ्यावर लिहितो. मला नक्की काय माहीत आहे, आणि मी काय गृहीत धरतोय? याचा परिणाम कोणाकोणावर होईल? कायदा काय सांगतो? आणि माझं कारण मी त्या मुलीला, तिच्या आईला आणि वेळेवर येणाऱ्या मुलांना तोंडावर सांगू शकेन का?

तिसऱ्या प्रश्नाला वर्ग थबकतो. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 नुसार मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई आहे. रोज सगळ्यांदेखत बाहेर उभं करणं यात कुठे बसतं, यावर मग खरा वाद होतो. चौथ्या प्रश्नाने 'बिचारी'वाल्यांचीही पंचाईत होते. बाकीच्या मुलांना काय सांगणार? हळूहळू तिसरे मार्ग निघतात: आईशी बोलणं, अंगणवाडीची वेळ विचारणं, पहिला तास बदलता येतो का हे मुख्याध्यापकांना विचारणं.

काही सहकारी मला म्हणतात, 'अशाने सगळंच चालतं असं मुलं शिकतील.' माझा अनुभव उलटा आहे. कारणं मागितली की काही उत्तरं आपोआप गळतात. मुलीचा अपमान करणारं उत्तर टिकत नाही, आणि तिचं गणित बुडू देणारंही टिकत नाही. गुण देताना मी निष्कर्षाला देत नाही, कारणांना देते.

आणखी एक गोष्ट, ती आपल्या प्राध्यापकांसाठी. 2015 पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, त्यात शाळेतला अनुभव किमान 20 आठवड्यांचा. न घेतलेल्या पाठाची नोंद वहीत आली आणि आपण त्यावर सही केली, तर त्या छात्राध्यापकाचं मूल्यशिक्षण तिथेच पूर्ण झालं. उद्या तोही कुणाच्या तरी वहीवर अशीच सही करेल.

म्हणून एक विनंती. येत्या आठवड्यात तुमच्या छात्राध्यापकांना शाळेत दिसलेला, उत्तर न सापडलेला एक प्रसंग लिहून आणायला सांगा. नावं गाळा, पाऊण तास द्या, आणि निकाल सांगायची घाई करू नका. रकाना त्या दिवशी रिकामा राहिला तरी चालेल.