कर्त्या पुरुषाचे मौन

(सोलापुरात कार्यकर्त्यांच्या कुटुंबमेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सेवाकार्याच्या मेळाव्यात वक्त्याने समाजाच्या दुःखावर बोलावे, अशी साधारणतः अपेक्षा असते. वस्तीतील अभ्यासिका, रक्तदान, दुष्काळातील चारा छावणी, पाण्याचे टँकर या विषयांवर आपण पुष्कळ ऐकले आहे आणि त्याहून अधिक केले आहे. आज मला बोलायचे आहे ते हे सारे करणाऱ्या माणसाविषयी. त्यातही घरातल्या कर्त्या पुरुषाविषयी. भगिनींनी कंटाळू नये. हा विषय जितका त्याचा, तितकाच तुमचाही आहे.

वृत्तपत्राच्या कचेरीत तीस वर्षे काढलेल्या माणसाच्या नजरेखालून काही बातम्या नेमाने जातात. आतल्या पानावर चार ओळी असतात. अमुक नगरातील अमुक वयाच्या इसमाने जीवन संपविले. पश्चात आई, पत्नी, दोन मुले असा परिवार आहे. कारण समजू शकले नाही. हे शेवटचे वाक्य मी किती वेळा वाचले असेल याची गणती नाही. कारण पोलिसांना समजत नाही, शेजाऱ्यांना समजत नाही आणि पुष्कळदा एका छपराखाली वीस वर्षे राहिलेल्या पत्नीलाही समजत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत पुरुष होते १,२२,७२४. म्हणजे दर दहांत सात. राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता, २२,७४६. नोंदविलेल्या कारणांत पहिला क्रमांक कौटुंबिक समस्यांचा आणि दुसरा आजारपणाचा. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मानसिक विकारांचे प्रमाण पुरुषांत सुमारे चौदा टक्के, तर स्त्रियांत साडेसात टक्के आढळले. ज्यांना उपचारांची गरज आहे त्यांच्यापैकी बहुसंख्य लोक डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाहीत, हेही त्याच सर्वेक्षणाने दाखविले. स्त्रीची दुःखे कमी आहेत, असा याचा अर्थ कोणी काढू नये. पुरुषाचे दुःख घरातही कळत नाही आणि दवाखान्यातही पोहोचत नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

भोंगा थांबला तेव्हा

हे मौन आले कुठून? आपल्या सोलापूरचेच उदाहरण घेऊ. १८७७ साली उभी राहिलेली जुनी मिल, पुढे लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी. या गिरण्यांच्या भोंग्यावर एकेकाळी हे गाव उठत असे आणि जेवत असे. गिरणी पगार तर देत होतीच, शिवाय माणसाला बसण्या-उठण्याची एक जागाही देत होती. पाळी सुटली की दारावरचा चहा, तिथून तालमीत किंवा भजनात. मनातले अर्धेअधिक तिथेच मोकळे होई. गिरण्या एकामागोमाग बंद पडल्या. पगार गेल्याची चर्चा झाली, मोर्चे निघाले, अग्रलेख लिहिले गेले. पण ती बसण्याची जागा गेली, तिची नोंद कोणी घेतली नाही.

त्याच घरांतील स्त्रिया विड्या वळत होत्या. हजारो घरांची चूल त्या सुपावर पेटत राहिली. या माउलींचे ऋण हे शहर कधी फेडू शकणार नाही. घरातला पुरुष मात्र बाहेरच्या कट्ट्यावर बसून राहिला. ज्याची किंमत आयुष्यभर पगाराच्या पाकिटावर ठरली, त्याला पाकीट नसलेल्या महिन्यात स्वतःची किंमत कळेनाशी झाली. काही जण सावरले, यंत्रमागावर गेले, रिक्षा चालवू लागले. काही दारूच्या आहारी गेले. त्यांना आपण दारुडे म्हणालो. दारूच्या आधी काय झाले होते, हे विचारणारे थोडे होते.

आज चेहरा बदलला, गोष्ट तीच आहे. मुलगा पुण्याला किंवा बंगळूरला संगणकाच्या नोकरीत, कर्जाचे हप्ते डोक्यावर, आणि नोकरीची शाश्वती महिन्याची. वडील निवृत्त होऊन इथे तीन खोल्यांच्या घरात. दोघांचे रोज रात्री फोनवर बोलणे होते. ‘जेवलास का?’ ‘जेवलो. पाणी आलं का?’ ‘उद्या येईल.’ संपले. दोघेही एकमेकांना काळजी वाटू नये म्हणून काळजी लपवितात आणि त्यालाच प्रेम म्हणतात.

आपल्या भाषेने त्याला ‘कर्ता’ म्हटले. कायद्यानेही अविभक्त कुटुंबाच्या प्रमुखासाठी हाच शब्द घेतला. कर्त्याने करायचे असते. त्याने सांगायचे असते असे त्या शब्दात कुठेच नाही. स्त्रियांना गेल्या काही दशकांत बचत गट मिळाले, भिशी होती, भजनी मंडळ होते. आपल्याच गावातल्या ‘उद्योगवर्धिनी’सारख्या संस्थेने शेकडो भगिनींना हाताला काम दिले आणि कामाबरोबर मैत्रिणीही दिल्या. पुरुषाला अशी जागा कोणती उरली, याचा विचार आपण केलेला नाही.

सेवेच्या आडोशाला

कार्यकर्ता मित्रहो, आता थोडे कडू बोलतो. आपण म्हणाल, आम्ही तर समाजात असतो, चार माणसांत असतो. आम्हाला हा प्रश्न नाही. मला तसे दिसलेले नाही.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. किल्लारी-सास्तूरचा परिसर जमीनदोस्त झाला. मी तेव्हा पत्रकारितेत उमेदवारी करीत होतो. सोलापुरातून माणसे हातात सापडेल ते घेऊन धावली. ढिगारे उपसले, मृतदेह काढले, सामुदायिक चिता रचल्या. त्यांतल्या काही जणांशी पुढे माझा परिचय झाला. किती पत्रे वाटली, किती तंबू उभारले, हे ते तपशीलवार सांगत. रात्री झोपेत काय दिसते, हे सांगत नसत. एकाची पत्नी मला म्हणाली, ‘हे तिकडून आल्यापासून लहान मुलाला कडेवर घेत नाहीत. का, ते विचारायची सोय नाही.’ त्या गृहस्थांनी पुढे कामाचा डोंगर उपसला. बैठका, प्रवास, वर्गणी, शिबिरे. एक रविवार घरी नाही. सगळ्यांनी कौतुक केले. ते काम खरेच मोलाचे होते. तरीही काम थांबले की जे समोर उभे राहते, त्याला तोंड द्यावे लागू नये म्हणून ते थांबत नव्हते.

सेवाकार्य माणसाला सावरते. आणि कधी कधी माणूस त्याच्या आडोशाला लपतो. दोन्ही खरे आहे. फरक कसा ओळखावा? काम करून आल्यावर तो घरच्यांशी अधिक बोलतो की कमी, एवढे पाहावे. वस्तीतल्या प्रत्येक मुलाचे नाव ज्याला पाठ आहे, त्याला स्वतःच्या मुलाच्या वर्गशिक्षकांचे नाव ठाऊक नसेल, तर त्याच्याशी कोणीतरी बोलण्याची वेळ झाली आहे.

हात गुंतले की जीभ सुटते

मग पुरुषाला बोलते कसे करावे? समोर बसवून ‘सांग, तुला काय होतंय?’ असे विचारले, तर शंभरातले नव्वद जण ‘काही नाही’ म्हणतील. पुरुष समोरासमोर बोलत नाही. शेजारी शेजारी बोलतो. हात कामात असले, नजर दुसरीकडे असली, की मग तो बोलतो.

ऑस्ट्रेलियात १९९०च्या दशकात हे ओळखून निवृत्त पुरुषांसाठी सामायिक कर्मशाळा सुरू झाल्या. सुतारकाम करावे, जुनी सायकल दुरुस्त करावी, शाळेसाठी बाक बनवावेत, मधल्या वेळेत चहा घ्यावा. मानसिक आरोग्य हा शब्द दारावर लिहिलेला नाही. आज तिथे अशा हजारावर जागा आहेत आणि हा प्रयोग ब्रिटन, आयर्लंडपर्यंत पोहोचला आहे. आपल्याला मात्र ही गोष्ट नवी वाटू नये. दरवर्षी शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आपल्या शहरातून पंढरीला जाते. त्या वाटेवरचे वारकरी काय करतात? शेजारी शेजारी चालतात. पंधरा-वीस मैल चालल्यावर माणसाच्या मनातले ओठांवर येते. गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग आहे. त्या काळातला सर्वश्रेष्ठ धनुर्धर हातपाय गळाल्याचे सांगतो, आणि सांगतो ते एकाच रथात बसलेल्या सख्याला. तो सखा आधी त्याचे सारे ऐकून घेतो, मग बोलतो. आपण नेमके उलट करतो. समोरच्याने तोंड उघडले की आपला उपदेश सुरू!

म्हणून माझी पहिली सूचना अशी : प्रत्येक वस्तीत महिन्यातून एक रविवार हाताच्या कामाचा असावा. झाडांना आळी करणे, शाळेची भिंत रंगविणे, तलावाचा काठ साफ करणे, काहीही चालेल. कामानंतर भाषण नको, अहवाल नको. अर्धा तास नुसते बसणे. त्या अर्ध्या तासाला कामाइतकेच महत्त्व द्यावे.

एका दिवसाची वाट

दुसरी सूचना छोट्या सहलींची. मध्यमवर्गीय घरात सहल म्हणजे वर्षातून एकदा, तीन महिने आधी तिकिटे आणि परतल्यावर हिशेब. त्या सहलीत घरचा पुरुष चालक असतो, हमाल असतो आणि खजिनदार असतो. प्रवासी तेवढा नसतो. मित्रांची सहल म्हणावी तर ती पुष्कळदा बाटलीभोवती बसते. दारूने जीभ सुटते हे खरे, पण सकाळी काय बोललो ते आठवत नाही आणि मनावरचे मळभ अधिक दाटते.

मी म्हणतो ती सहल एका दिवसाची, एस.टी.ने जाऊन दिवस मावळायच्या आत परतण्याची, घरून शेंगाची चटणी आणि कडक भाकरी बांधून नेण्याची. आपल्या भोवती किती जागा आहेत पाहा. भीमा-सीनेच्या संगमावरचे हत्तरसंग कुडल आहे. तिथे शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. पावसाळ्यात नळदुर्गच्या किल्ल्यात पाणीमहालावरून बोरी नदीचे पाणी कोसळते. नान्नजचे माळढोक अभयारण्य आहे, हिप्परग्याचा तलाव आहे. यांतले एकही ठिकाण पन्नास-पंचावन्न किलोमीटरच्या पलीकडे नाही.

आणि थंडीत हुरडा! मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते योग्यच झाले. पण या ज्वारीच्या मुलखाचे खरे वैभव आगटीभोवती आहे. कोवळी कणसे निखाऱ्यात खुपसावीत, हातावर चोळावीत, गरम दाणे पुढच्याच्या हातावर ठेवावेत. सगळ्यांचे हात गुंतलेले, सगळ्यांची नजर विस्तवाकडे. साठीतला शेतकरी आणि तिशीतला संगणक अभियंता एकाच घोंगडीवर. अशा जागी, कोणी न विचारता, माणूस म्हणतो, ‘यंदा झोपच लागत नाही बघ.’ ते वाक्य वाया जाऊ देऊ नका. त्यावर विनोद करू नका. ‘कधीपासून?’ एवढेच विचारा आणि थांबा.

ऐकल्यानंतर काय?

हुरड्याने आणि सहलीने आजार बरा होतो, असे मी म्हणत नाही. मधुमेहाला जसा डॉक्टर लागतो, तसाच खोल नैराश्यालाही लागतो. पुरुषाचे नैराश्य नेहमी रडत येत नाही. ते चिडचिड होऊन येते, वाढलेले पिणे होऊन येते, छातीत जळजळ आणि डोकेदुखी होऊन येते. दोन आठवडे झोप आणि भूक बिघडलेली, आवडीच्या कामातून मन उडालेले, ‘माझ्या मागे तुमचे बरे होईल’ अशी भाषा, उधार-उसनवार अचानक मिटविणे. यांपैकी काही दिसले तर सरळ विचारावे, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट माणसाला सुटल्यासारखे वाटते, असे तज्ज्ञ सांगतात. उत्तर होय असेल तर त्याला एकटे सोडू नये, शेतीच्या औषधांना कुलूप लावावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असेच हा कायदा गृहीत धरतो आणि त्याची काळजी घेण्याची जबाबदारी शासनावर टाकतो. तेव्हा पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नये. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली-मानस’ सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६, दिवसरात्र, विनामूल्य. मराठी, कन्नड, तेलुगू अशा अनेक भाषांत तिथे बोलता येते. आपल्या गावात ही गोष्ट फार मोलाची आहे. व्यवहार मराठीत करणारा माणूस रडतो तो आईच्या भाषेत. व्यसनाचा प्रश्न असेल तर पुण्याचे ‘मुक्तांगण’ १९८६ पासून हे काम करीत आहे. हे क्रमांक आणि पत्ते रक्तपेढीच्या क्रमांकासारखे प्रत्येक कार्यकर्त्याच्या वहीत असले पाहिजेत.

भगिनींना एक विनंती आहे. तो बोलू लागला तर ‘पुरुषासारखा पुरुष आणि...’ हे वाक्य ओठांवर येऊ देऊ नका. मुलगा रडला तर ‘मुलीसारखा काय रडतोस’ म्हणू नका. पंचवीस वर्षांनी जे मौन छळते, त्याचे बी तिथे पडते.

आणि बंधूंनो, तुम्हाला काम सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही. तुमच्या ओळखीचा एक जण असा असेल, जो गेल्या काही महिन्यांत बैठकीला येईनासा झाला आहे. त्याच्या कामाचा हिशेब न मागता या आठवड्यात त्याच्या घरी जा. ‘चल, जरा तळ्याकडे फिरून येऊ’ म्हणा. सिद्धेश्वर तलावाची एक फेरी मारा. पहिल्या फेरीत तो काही बोलणार नाही. दुसरी मारा.