हाटूची वाट

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या व्यासपीठावरून आम्ही काही बोलावे, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा हा प्रश्न आम्हांला पडला. इतिहास घेऊन बी. ए. झालेल्या आणि केंद्र सरकारच्या सेवेत तीस वर्षे काढलेल्या माणसाजवळ सांगण्यासारखे दोनच विषय असतात : एक बदल्या आणि दुसरा निवृत्तिवेतन. हे दोन्ही विषय या सभागृहातील बहुसंख्यांना आमच्याइतकेच अवगत आहेत. म्हणून त्यांना बगल देऊन, गेल्या फेब्रुवारीत आपल्या मंडळातील सहाजणांनी हाटू शिखराच्या वाटेवर बर्फात जो एक दिवस काढला, त्याची हकीकत निवेदन करावी असे ठरविले. या निवेदनात 'आम्ही' हा शब्द कधी सहाजणांसाठी, तर कधी एकट्या वक्त्यासाठी येईल. जेथे फजिती होईल तेथे तो एकट्या वक्त्यासाठी आहे असे श्रोत्यांनी समजावे.

नारकंडा हे गाव सिमल्याच्या पलीकडे, जुन्या हिंदुस्थान-तिबेट मार्गावर, सुमारे २,७०० मीटर उंचीवर वसलेले आहे. तेथून हाटूचे शिखर सहा-सात किलोमीटरांवर, आणि त्याची उंची सुमारे ३,४०० मीटर. माथ्यावर हाटूमातेचे लाकडी मंदिर आहे. उन्हाळ्यात मंदिरापर्यंत मोटार जाते. हिवाळ्यात तोच अरुंद रस्ता बर्फाखाली गडप होतो आणि पायी जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही. या डोंगरांच्या सतलजकडील अंगाला कोटगड-ठाणेधारचे सफरचंदांचे मळे आहेत. सॅम्युअल स्टोक्स नावाचा एक अमेरिकन तरुण १९०४ साली भारतात आला आणि या मुलखात रमला. त्याने १९१६ च्या सुमारास आपल्या देशातील सफरचंदाची कलमे आणून येथे लावली, आणि पुढे सत्यानंद हे नाव धारण करून तो इथलाच होऊन गेला. आज त्या खोऱ्यातील घराघराचा चरितार्थ सफरचंदावर चालतो. आमचा वाटाड्याही मळेवालाच होता. बर्फ पडला की मैदानातला माणूस कुडकुडतो, पण तो मात्र खूश होता; कारण सफरचंदाच्या झाडाला हिवाळ्यात शेकडो तासांची थंडी मिळाली नाही तर वसंतात मोहोर धड येत नाही.

आता साधनाविषयी दोन शब्द. स्नोशू या वस्तूला आमच्यातील एका प्राध्यापकांनी 'हिमपादुका' असे नाव दिले, आणि दिवसभर आम्ही तेच वापरले. वस्तू फार पुरातन आहे. आल्प्स पर्वतात इटलीच्या हद्दीत, ३,१३४ मीटर उंचीवरच्या एका हिमनदीत, २००३ साली भूर्जाच्या लाकडाची एक हिमपादुका सापडली. ती इसवी सनापूर्वी ३८०० ते ३७०० या काळातील असल्याचे ठरले आहे. उत्तर अमेरिकेतील आदिवासी लाकडाची चौकट वाकवून तीत कातड्याच्या वाद्या विणीत. आपल्याकडे काश्मिरात भाताच्या पेंढ्याची 'पुलहोर' नावाची पायताणे बर्फात वापरीत. आमच्या पादुकांना अॅल्युमिनियमची चौकट, तीत ताणून बसविलेला प्लास्टिकचा पत्रा आणि तळाला पोलादी दात होते.

त्यामागचे गणित आमच्यासारख्या कलाशाखेच्या पदवीधरालाही समजण्याजोगे आहे. आमचे वजन, पाठीवरच्या पिशवीसह, ऐंशी किलो. बुटाचा तळ सुमारे २५० चौरस सेंटीमीटर. पादुकेचा तळ सुमारे १,२००. म्हणजे तोच भार जवळजवळ पाचपट जागेवर वाटला जातो. ताज्या हिमात नव्वद टक्क्यांहून अधिक हवाच असते. त्यात नुसत्या बुटाने पाऊल टाकले तेव्हा आम्ही मांडीपर्यंत रुतलो. पादुका चढविल्यावर घोट्याच्या थोडे वर. रुतणे संपत नाही, ते आटोक्यात येते. चालताना पाय एरवीपेक्षा फाकून आणि थोडा उचलून टाकावा लागतो. मागे सरण्याची मात्र सोय नाही. पादुकेची शेपटी बर्फात अडकते. छायाचित्र घेण्यासाठी आम्ही दोन पावले मागे सरलो आणि उताणे पडलो. सरकारी नोकरीत जी हालचाल आम्हांला सर्वांत सहज साधते, ती येथे निषिद्ध होती.

सकाळी साडेआठला निघालो. मंडळाचे सहाजण, वाटाड्या आणि त्याचा पुतण्या, असे एकंदर आठ. दोन दिवसांपूर्वीच भरपूर बर्फ पडून गेला होता आणि त्यावर एका कोल्ह्याच्या पावलांखेरीज कसलीही खूण नव्हती. देवदार आणि कैल यांची राई मागे पडली. रई आणि तोश या उंच सूचिपर्णी वृक्षांचे राज्य सुरू झाले. झाडांच्या बुंध्यापाशी जाऊ नका, असे वाटाड्याने बजावले होते; कारण खालच्या फांद्यांखाली बर्फ पोकळ राहतो आणि माणूस एकदम खड्ड्यात जातो.

निघताना वाटाड्याने दोन नियम सांगितले. पहिला असा की, दुपारी दीड वाजता जेथे असू तेथून परत फिरायचे. दुसरा असा की, पुढे चालण्याची पाळी प्रत्येकाने घ्यायची. कोवळ्या बर्फात पहिल्याला वाट पाडावी लागते. दुसरा त्याच्या पावलांत पाऊल ठेवतो, तिसऱ्याला आणखी सोपे जाते, आणि पाचव्या-सहाव्यापर्यंत चांगली दाबलेली पायवाट तयार झालेली असते. पुढचा दमला की त्याने वाट सोडून बाजूला उभे राहायचे, सर्वांना पुढे जाऊ द्यायचे आणि रांगेच्या शेवटी सामील व्हायचे.

आमचे स्थान पाचवे होते. पहिला दीड तास आम्ही मोठ्या मजेत चाललो. पंचावन्नाव्या वर्षीही आपला दम टिकून आहे, याचे आम्हांला मनातल्या मनात कौतुक वाटू लागले. पुढच्यांचा वेग फारच मंद आहे, अशी टीकाही आम्ही एकदा केली. पाळी जवळ आली तेव्हा बुटाची नाडी सुटल्याचे आमच्या लक्षात आले. दुसऱ्यांदा जवळ आली तेव्हा हिमाच्छादित वनश्रीचे छायाचित्र घेणे अत्यावश्यक ठरले. तिसऱ्या खेपेस आपल्या मंडळातील एक तरुण मुलगी, जी संगणक क्षेत्रात काम करते, पुढून बाजूला झाली. तिचा चेहरा लाल झाला होता आणि श्वास फुलला होता. ती म्हणाली, "काका, आता तुमची पाळी."

त्या चार शब्दांत कसलाही टोमणा नव्हता, म्हणूनच ते आम्हांला लागले.

आम्ही पुढे झालो. समोर पाऊलखूण नव्हती. प्रत्येक पाऊल उचलायचे, वर साचलेल्या बर्फासह उचलायचे, पुढे टाकायचे, ते किती खाली जाते याची वाट पाहायची आणि मग दुसरे. पन्नासाव्या पावलाला मांड्या थरथरू लागल्या. त्र्याऐंशीव्या पावलाला आम्ही काठीवर ओणवे होऊन उभे राहिलो. त्र्याऐंशी हा आकडा अचूक आहे. मोजण्याखेरीज दुसरा विचार डोक्यात शिरत नव्हता.

"पुरे, साहेब. बाजूला व्हा," वाटाड्या म्हणाला. आपण नापास झालो असे वाटून आम्ही आणखी थोडे रेटू लागलो, तेव्हा त्याने हात धरून थांबविले. तो म्हणाला, "शंभराच्या वर कुणीच जायचे नाही. जो हट्टाने पुढे राहतो त्याला घाम फुटतो. थांबला की तोच घाम गार पडतो. मग त्या एकाला सांभाळीत सगळ्यांना परतावे लागते. माझ्यानेही एकट्याने वाट पडेल. पण मग तुम्हांला खाली कोण नेईल?"

दीड वाजता आम्ही अखेरच्या चढाशी होतो. आकाश निवळले होते आणि सतलजपलीकडे ५,२२७ मीटर उंचीचा श्रीखंड महादेव स्पष्ट दिसत होता. मंदिर वरच्या वळणाआड होते. आम्ही अर्थातच वाद घातला. पंधरा मिनिटांचा प्रश्न आहे, असे आमचे म्हणणे. वाटाड्याने पुढचा कोरा बर्फ दाखविला आणि म्हटले, "पाडलेल्या वाटेने पंधरा मिनिटे. याने पाऊण तास." आम्ही हाटूमातेला तेथूनच नमस्कार केला आणि फिरलो.

उतरताना एक नवल अनुभवले. सकाळी आम्हीच तुडविलेला भुसभुशीत बर्फ आता घट्ट झाला होता. हिमाचे कण एकदा दाबून जवळ आणले की काही तासांत ते परस्परांना सांधले जातात, आणि जेथे माणूस रुतत होता तेथे टणक वाट होते. चढायला पाच तास लागले होते. उतरायला दोनही लागले नाहीत.

मंडळी, हकीकत येथे संपली असती. तथापि चार दिवसांनी वाटाड्याचा दूरध्वनी आला. आम्ही परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सिमल्याकडची काही मुले हाटूवर गेली. त्यांना तयार, गोठून पक्की झालेली वाट मिळाली. जेथून आम्ही फिरलो तेथून वरचा तुकडा त्यांनी पाडला आणि दुपार होण्याच्या आत ती मंदिरापाशी पोहोचली. खालची वाट कोणी पाडली हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि ते विचारण्याचे कारणही नव्हते.

आठ वर्षांपूर्वी बदलीवर या शहरात आलो तेव्हा आम्हीही असेच न विचारता आलो. गणेशोत्सव होता, वाचनालय होते, दिवाळी अंक फिरत होते, कोजागरीला दूध आटत होते. पहिल्या वर्षीची मूर्ती कोणी मांडीवर घेऊन रेल्वेने आणली आणि पहिली आरती कोणाच्या सरकारी घराच्या बैठकीत झाली, हे आम्हांला या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने ज्येष्ठांकडून प्रथम कळले. मधल्या काळात आम्ही पाचव्या जागेवरून सुखाने चाललो आणि मंडळाचा वेग मंद आहे अशी टीकाही अधूनमधून केली. कार्यवाहपद स्वीकारा, अशी विनंती आम्हांला दोनदा करण्यात आली. दोन्ही वेळा आम्ही एकच कारण दिले : उद्या बदली झाली तर काम अर्धवट राहील. ते कारण खोटे नव्हते. तथापि ज्यांनी अठरा वर्षे ते पद सांभाळले, ते गृहस्थ या सभागृहात पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांना बाजूला होण्यासाठी कोणी जागाच दिली नाही, हे आम्हांला त्या दिवशीच्या त्र्याऐंशी पावलांनंतर उमगले. एकानेच पुढे राहिले तर काय होते, ते वाटाड्याने सांगितले होते. बदलीच्या भीतीलाही त्याच्याच बोलण्यात उत्तर होते. शिखरापर्यंतचे सर्व काम एकाने करावे अशी अपेक्षाच नसते. आपली शंभर पावले टाकावी, बाजूला व्हावे आणि शेवटी सामील व्हावे. आणि बर्फ पुन्हा पडतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. एक हिवाळाभर कोणी चाललेच नाही, तर पन्नास वर्षांच्या वाटेचाही मागमूस राहणार नाही.

गेल्या रविवारी कार्यवाहांच्या घरी जाऊन आम्ही येत्या वर्षासाठी आपले नाव दिले. त्यांनी चहा दिला आणि हिशेबाच्या तीन वह्या पुढ्यात ठेवल्या. निवृत्तीला पाच वर्षे आहेत. त्याआधी बदलीचा हुकूमही येऊ शकेल. आमची पावले ऐंशीच्या आसपासच भरतील, हे प्रामाणिकपणे सांगून ठेवतो. त्यानंतर पाळी कोणाची, एवढे मात्र आज घरी जाण्यापूर्वी आपण आपसांत ठरवावे, अशी विनंती करतो.